वाफेवरचं घर

"डबा आणू नकोस."

दादा फोनवर एवढंच म्हणाला. मी स्वयंपाकघरात उभा राहून मऊ भात डब्यात भरत होतो. हॉस्पिटलात वहिनींना दुपारी दोन-चार घास जायचे, तेही दादानं भरवले तर. म्हणून सकाळी भात शिजायला लावून दादा पुढे जायचा आणि मागून डबा घेऊन मी, असं आमचं ठरून गेलं होतं. मी विचारलं, "का रे? झोपल्यात का?" वॉर्डात कुणीतरी ट्रॉली ढकलत नेल्याचा आवाज ऐकू आला… मग दादा म्हणाला, "हो. झोपली." त्याच्या आवाजात काही फरक नव्हता, आणि त्यामुळेच मला कळलं. मी डब्याचं झाकण लावलं नाही. भातातून वाफ वर येत होती, खिडकीतल्या उन्हात जरा वेळ दिसत होती आणि विरत होती. ती पूर्ण थांबेपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

जयवंतीवहिनींना जाऊन आता काही आठवडे झाले. लोकांचं येणं-जाणं संपलंय. शांती नगरमधल्या आमच्या घरात दुपारी ऊन ओट्यावर पूर्वीसारखंच तिरकं येतं. मी आणि दादा, दोघे निवृत्त झालेले भाऊ, त्या उन्हाकडे बघत बसतो. मी लग्न केलं नाही, त्यामुळे ज्या घरात वहिनी आल्या त्याच घरात माझंही सगळं आयुष्य गेलं. दादा-वहिनींना मूल झालं नाही. आईही काही वर्षांपूर्वी गेली. म्हणजे त्यांच्याविषयी लिहायला आता मीच उरलोय. पण लिहायला बसलो की त्यांचा चेहरा आधी येत नाही, ओट्यापाशी उभी असलेली पाठ येते, आणि भांड्यावरचं झाकण किंचित उचलून आत डोकावणारी मान…

आम्ही मूळचे लालबागचे. चाळीतली खोली सोडून आई, दादा आणि मी मीरा रोडला आलो, तेव्हा इमारतीच्या गच्चीवरून मिठागरं दिसायची. उन्हाळ्यात सगळा पश्चिमेकडचा भाग पांढरा चमकायचा, आणि आपण नक्की कुठे राहायला आलोय हे काही दिवस कळायचंच नाही. दादा विमा कंपनीच्या कचेरीत होता, मी शाळेत भूगोल शिकवायचो. दादाला लांबचं धूसर दिसायला लागलं म्हणून तो भाईंदरला केबिन रोडवरच्या एका चष्म्याच्या दुकानात गेला. काउंटरमागे एक मुलगी होती. तिनं चष्मा त्याच्या कानांवर बसवला, दोन बोटांनी नाकावर सरळ केला आणि विचारलं, "आता बघा, नीट दिसतंय?" दादा म्हणाला, "दिसतंय की." पण समोर धरलेल्या आरशात तो बघतच नव्हता. त्यानंतर त्या चष्म्याची दांडी फारच लवकर लवकर सैल व्हायला लागली. दर आठवड्याला ती घट्ट करून घ्यायला दादा भाईंदरला जायचा, आणि आई म्हणायची, एवढा वाईट चष्मा देणाऱ्या दुकानात हा पुन्हा पुन्हा कशाला जातो?

ती मुलगी म्हणजे वहिनी. जुन्या भाईंदरच्या खाडीकाठच्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या. त्यांचे वडील नावेचे तांडेल, म्हणजे नाव चालवणारे मुख्य. आम्ही सगळे त्यांना तांडेलमामाच म्हणायचो. आमचं घर मासे खाणारं, त्यामुळे कोळ्याची लेक सून म्हणून येते आहे याचा आईला आनंदच झाला. फक्त स्वयंपाक माझ्या पद्धतीचा, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आईची पद्धत सढळ होती. रविवारी मटणाच्या रश्श्यावर लाल तेलाचा तवंग हवा. "तेल सुटलं नाही तर तो रस्सा कसला?" असं ती म्हणायची. सणाला पुऱ्या, पाहुणे आले की वडे, खोबऱ्याचं दाट वाटण आणि वरणभातावर तुपाची धार. ती धार थांबवायला हात आडवा धरावा लागे, आणि दादा कधी हात आडवा धरायचा नाही. तो जेवताना गुणगुणायचा. शब्द नाहीत, चाल नाही, नुसता एक बारीक सूर… मांजर घुरघुरतं तसा. जेवण आवडलं आहे हे त्याला कधी तोंडानं सांगावं लागलं नाही. वहिनी आईचं सगळं शिकल्या, आणि थोड्याच वर्षांत आईपेक्षा सरस करायला लागल्या. दुकानातली नोकरीही त्यांनी सोडली नव्हती. संध्याकाळी घरी आल्या की पदर खोचून त्या कढई चढवायच्या आणि आतल्या खोलीतून दादाचा सूर आधीच सुरू व्हायचा.

मग तो घोडबंदरचा रविवार. पोटभर वडे-मटण जेवून आम्ही तिघं किल्ला बघायला गेलो होतो. खाडीचं वळण वरून कसं दिसतं ते मला बघायचं होतं. पाणी ओसरत होतं, चिखलावर ऊन पडून सगळं रुप्याचं झालं होतं. मी बघत राहिलो. मागे वळलो तर दादा पायऱ्यांवर बसला होता. "जरा थांबू या," तो म्हणाला, "आंबट ढेकर येतायत." वहिनींनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. कपाळावर घाम, आणि ओठ राखाडी झालेले. त्या धावत खाली आल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्याच्या शर्टाची वरची बटणं काढत मला म्हणाल्या, "भाऊजी, रिक्षा नको. हायवेला जा आणि मिळेल ती गाडी थांबवा." एका अनोळखी माणसानं गाडी थांबवली. मागच्या सीटवर दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या वहिनी सगळ्या वाटेनं त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या, उद्या काय भाजी करायची, खिडकीच्या पडद्याला कुठला रंग घ्यायचा… असलं काहीतरी. त्या बोलायच्या थांबल्या असत्या तर तो हातातून निसटला असता, असं मला तेव्हा वाटलं होतं. आजही वाटतं.

दादा वाचला. घरी सोडताना डॉक्टरांनी, एक तरुण बाई होत्या त्या, वहिनींना समोर बसवून सांगितलं, "तेल अगदी बंद करायचं नाहीये. शरीराला थोडं लागतंच. पण तळलेलं, तूप, वनस्पती तूप, साय, खोबऱ्याची दाट वाटणं, हे रोजच्या ताटातून काढा. एकदा तापवलेलं तेल पुन्हा वापरू नका. आणि हे चार महिन्यांचं पथ्य नव्हे, आता रोजचं जेवणच असं."

वहिनी म्हणाल्या, "आणि चव?"

"ती तुम्ही बघा," डॉक्टर हसून म्हणाल्या.

पण सुरुवातीला वहिनी चव बघू शकल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. थोडं चालेल हे डॉक्टरांचं वाक्य त्यांच्या कानात शिरलंच नव्हतं. त्यांनी सगळंच काढून टाकलं. उकडलेला दुधी, फोडणी नसलेलं वरण, कोरडी पोळी, पाण्यासारखं ताक. कढई माळ्यावर गेली. मी आणि आईही तेच जेवायला लागलो, कारण एका घरात दोन स्वयंपाक नको, असं त्यांचं म्हणणं. दादा एका शब्दानं बोलला नाही. तो भांडला असता, ताट सरकवलं असतं तर बरं झालं असतं. वाढतील ते तो शेवटच्या शितापर्यंत खायचा, हात धुवायचा आणि खिडकीशी जाऊन बसायचा. तो सूर बंद झाला होता. संध्याकाळी रेडिओ लावणं बंद झालं, माझ्याशी कॅरम खेळणं बंद झालं. वजन उतरलं, रिपोर्ट सुधारले, आणि माणूस मात्र घरातल्या घरात लांब लांब जात राहिला. एकदा मी त्याला विचारलं, "बरं वाटत नाही का?" तर म्हणाला, "बरं आहे रे. नुसतं बरंच आहे."

आईला हे बघवेना. "माझ्या पोराला उपाशी मारते ही," ती माझ्यापाशी कुजबुजायची. मग एके दिवशी दादाचं वाढलेलं ताट उचलताना वहिनींना भाताखालून ओघळलेलं तूप दिसलं. भाताचा ढीग वरून कोरडा, आणि आत खड्डा करून तूप लपवलेलं. आई देवघराकडे तोंड करून बसली होती. आता भांडण होणार म्हणून मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. पण आतून आवाज आला नाही. जरा वेळानं डोकावलो तर वहिनी आईशेजारी फरशीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आई, तुमच्या लहानपणी घरात तेल किती असायचं हो?"

आईनं देवघराकडून मान वळवली. मग म्हणाली, "कसलं तेल? एवढीशी बाटली असायची. फळीवर, आमचा हात पोचू नये अशी."

"मग भाज्या कशा व्हायच्या?"

"वाफेवर. झाकणावर पाणी ठेवायचं, खालून आच बारीक. भाजीचं पाणी भाजीतच मुरतं." आई बोलता बोलता थांबली. तिचे डोळे कुठेतरी दूर गेले होते. "गवार काय व्हायची… आमची आई नुसता लसूण ठेचून टाकायची वरून."

"उद्या मला दाखवाल?" वहिनी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या घरात कितीतरी महिन्यांनी दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं. आईनं खोलगट ताटलीत पाणी घालून ती भांड्यावर ठेवली आणि दोघी तिच्याकडे बघत उभ्या राहिल्या. तूप त्यानंतर कधी भाताखाली सापडलं नाही. वहिनींनी त्याबद्दल आईला कधी विचारलंही नाही.

पण दादा अजून गुणगुणत नव्हता. मग एका रविवारी सकाळीच वहिनी त्याला आणि मला घेऊन माहेरी गेल्या. तांडेलमामा अंगणात जाळं विणत बसले होते. वहिनी त्यांना म्हणाल्या, "बाबा, मी लहान असताना तू मला नावेवर न्यायचास. तिथं कालवण करायचास ना, ते कर आज." मामांनी जावयाकडे पाहिलं. "ते काय पावन्याला घालायचा कालवन हाय? त्याच्यात तेल न्हाय, खोबरा न्हाय."

"म्हणूनच तर," वहिनी म्हणाल्या.

मामांनी अंगणातच चूल पेटवली. पातेल्यात ठेचलेला लसूण, हळद, लाल मिरची, चिंचेचा कोळ, मीठ आणि पाणी. उकळी आली तसे खाडीतले ताजे मासे सोडले, पातेलं दोन्ही हातांनी धरून एकदा हलकेच फिरवलं आणि वर झाकण. चमचा लावला नाही. "नाव हलते, तसाच हलवायचा," ते म्हणाले. "मच्छीला तिचा तेल हाय. आपन वरशी कशाला वतायचा?" खाडीवरून दमट वारा येत होता, चुलीचा धूर आणि चिंचेची आंबट वाफ एकमेकांत मिसळत होती. दादा एका उलट्या टोपलीवर बसला होता. झाकण काढलं तेव्हा तो थोडा पुढे झुकला. भातावर ते पातळ, लाल कालवण घेऊन त्यानं पहिला घास घेतला, मग दुसरा… आम्ही कुणी त्याच्याकडे बघत नव्हतो, पण सगळ्यांचे कान तिकडेच होते. आणि मग तो बारीक सूर आला. वहिनी पटकन उठून पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या. बऱ्याच वेळानं पाणी न घेताच बाहेर आल्या.

ते जेवून परतताना रिक्षात त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मी चुकत होते. मी तेल काढत होते फक्त. त्याच्या जागी काही ठेवत नव्हते."

त्यानंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. ती एका मोठ्या, उबदार, धूसर दुपारीसारखी आठवतात. फोडणी परत आली, पण तेल डब्यातून ओतायचं नाही, चमच्यानं मोजून घ्यायचं. कांदा थोड्या तेलावर टाकून, लागायला लागला की पाण्याचा हबका मारून परतायचा. अळूवड्या आणि कोथिंबीरवड्या नुसत्या वाफवलेल्या, वरून तीळ भाजून. वांगी विस्तवावर भाजलेली, त्यांच्या भरतात साय काढलेल्या दुधाचं दही. बटाटेवडा आप्प्यांच्या साच्यात, खळग्यात थेंबभर तेल घालून. तो दिसायचा वड्यासारखा, पण जरा घाबरलेला, असं दादा म्हणायचा. सगळं काही जमलं नाही. एका दिवाळीला ओव्हनमध्ये भाजलेल्या करंज्या इतक्या कडक झाल्या की शेजारच्या हंसाबेननी एक उचलून टेबलावर आपटली आणि म्हणाल्या, "जयवंती, आ तो दरवाजे में लगाने का स्टॉपर बन गया!" त्या करंज्या आम्ही दुधात बुडवून महिनाभर खाल्ल्या. पण भाजक्या पोह्यांचा चिवडा मात्र असा जमला की पुढच्या वर्षीपासून तो मजल्यावरच्या प्रत्येक घरात व्हायला लागला, आणि हंसाबेनच्या उंधियोतलं तेलही हळूहळू खाली उतरलं. वहिनींनी कुणाला उपदेश केला नाही. त्या वाटीभर काहीतरी घेऊन जायच्या, "चाखून तो देखो," म्हणायच्या आणि दारातूनच परत यायच्या.

दादा साधुसंत झाला होता असं मात्र नाही. एका संध्याकाळी तो केबिन रोडला गेला, वडापावच्या गाडीपाशी उभा राहिला आणि गरम वडा घेऊन दुकानांच्या आडोशाला सरकला. आपली बायको त्याच रस्त्यावर नोकरी करते हे त्या घटकेला तो विसरला असावा. वहिनींनी दुकानाच्या काचेतून त्याला पाहिलं. ही हकिगत मला दादानंच पुढे अनेकदा सांगितली. तो म्हणायचा, "ती रस्ता ओलांडून येताना दिसली, आणि मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार. त्यापेक्षा तिनं थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं." पण वहिनी आल्या, त्याच्याशेजारी उभ्या राहिल्या आणि गाडीवाल्याला म्हणाल्या, "भैया, एक खाली प्लेट देना. और सूखी चटनी ज़्यादा." मग त्याच्या हातातला वडा घेऊन मधोमध तोडला. अर्धा त्याला दिला, अर्धा स्वतः खाल्ला. "गरम आहे, हळू," एवढंच बोलल्या. घरी चालत येताना म्हणाल्या, "अहो, खायचं असेल तेव्हा मला सांगा. आपण दोघं जाऊ. चोरून खाऊ नका. चोरून खाताना चव लागत नाही." तेव्हापासून क्वचित कधीतरी, सणावाराला किंवा उगाच एखाद्या संध्याकाळी, ते दोघे छान कपडे घालून एक वडा खायला जायचे. एकच. आई गॅलरीतून बघायची आणि मला म्हणायची, "लग्नाला निघाल्यासारखे निघालेत बघ."

दादाचं हृदय पुढे नीट चाललं. डॉक्टरबाई दर वेळी कागद बघून मान डोलवायच्या. आम्ही सगळे त्याच्या छातीकडे कान लावून बसलेले होतो, आणि त्यामुळेच असेल, वहिनी वाळत चालल्यात हे कुणाच्या लक्षात यायला वेळ लागला. पोटाचा कॅन्सर निघाला, आणि तो पुढे सरकलेला होता. इतकं जपून खाणाऱ्या बाईला हे कसं झालं, असं भेटायला येणारे विचारायचे. वहिनी हसून म्हणायच्या, "मी काय अमर व्हायला थोडीच खात होते?"

आणि मग तो दिवस आला, जो मला अजूनही स्वप्नातला वाटतो. त्यांना बघणारे डॉक्टर दादाला म्हणाले, "आता पथ्य काही नाही. वजन फार उतरलंय. तूप, लोणी, साय, जे जाईल ते द्या. थोड्या घासांत जास्त ताकद पोटात गेली पाहिजे." दादा घरी आला, कोपऱ्यावरच्या दुकानातून तुपाची बरणी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून तिच्याकडे बघत राहिला. किती वर्षांनी त्या घरात तूप आलं होतं! आयुष्यात कधी गॅस न पेटवलेला माझा भाऊ त्या दिवसापासून स्वयंपाकाला लागला. भात मऊ करायचा, तो चमच्यानं मोडायचा, त्यावर तूप घालायचं. पहिल्यांदा तो वाडगा घेऊन गेला तेव्हा वहिनींनी वास घेतला आणि डोळे मिटले.

"तूप?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

त्या हसायला लागल्या. हसताना त्यांना धाप लागली, तरी हसतच राहिल्या. "आई असत्या तर केवढ्या खूश झाल्या असत्या," म्हणाल्या. दादानं चमचा पुढे केला. त्यांना ते जात नव्हतं, मला दिसत होतं. पण त्यांनी तो घास तोंडात घेतला, बराच वेळ घोळवला आणि गिळला. मग आणखी एक. मग दादाचा हात धरून विचारलं, "तुमच्या भातात नाही ना घातलंत?"

"नाही गं."

"खरं?"

"खरं. माझं कालवण आहे."

"मग बसा इथं आणि माझ्यासमोर जेवा."

तो कालवण-भात घेऊन त्यांच्या कॉटशेजारी बसला. खिडकीबाहेर संध्याकाळ उतरत होती, शाळेतून येणाऱ्या मुलांचा गलका खालून वर येत होता. दादा जेवत होता आणि त्या उशीवर डोकं कलतं करून ऐकत होत्या… तो सूर येतो का. त्याला कसं जमलं देव जाणे, पण आला. अगदी बारीक, मध्येच तुटणारा. त्या ऐकता ऐकता झोपल्या.

पुढे हॉस्पिटल, आणि तो फोन.

दिवसकार्याला पानावर काय वाढायचं, यावर घरात सगळे अडले. जाणाऱ्याच्या आवडीचं पानावर वाढतात. पण वहिनींना काय आवडायचं? नातेवाईक बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. कुणी म्हणालं खीर, कुणी म्हणालं अळूवडी. दादाला विचारलं तर तो गोंधळला. "ती सगळंच खायची," म्हणाला. शेवटी नेहमीचं ते वाढलं, आणि कार्य तसंच पार पडलं.

परवाच्या रविवारी तांडेलमामा आले. वय झालंय, काठी घेऊन चालतात, डोळ्यांना कमी दिसतं. तरी शेजारच्या कुणाच्या तरी रिक्षात बसून आले, हातात पिशवी. पिशवीत ओले बोंबील. दादा म्हणाला, "मामा, कशाला त्रास घेतलात? मी कालवण करतो, बसा."

मामांनी मान हलवली. "कालवन नको. तळून टाक. तिला तळलेला बोंबील आवडायचा."

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. "कुणाला?"

"जयूला. लहानपनी दुसरा काय मागायचीच न्हाय. कुरकुरीत पायजे, हाडासकट. तिची आय वरडायची, पोरी, बाकीच्यांना ठेव. नंतर माझ्याकडं आली की मी विचारायचो, करू का? तर बोलायची, नको बाबा. त्यांना वास गेला तर त्यांचा खायला जीव होईल. आपन खाऊन घरी गेलो तरी पदराला वास येतो."

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि पिशवी घेऊन आत गेला. बोंबील कसे साफ करतात ते त्याला येत नव्हतं. मामा स्टुलावर बसून सांगत होते, मी मीठ लावत होतो. पाणी निघावं म्हणून बोंबलांवर पोळपाट उलटा ठेवला आणि त्यावर तांदळाचा डबा. तवा तापला. दादानं बाटलीतून तेल सोडलं, चमच्यानं नाही. रव्यात घोळवलेला पहिला बोंबील तव्यावर पडला आणि चर्र आवाज झाला, इतक्या वर्षांत त्या घरानं न ऐकलेला. घर वासानं भरून गेलं. समोरच्या दारातून हंसाबेननी डोकावून पाहिलं. त्यांच्या घरात मासे चालत नाहीत, एरवी त्या नाकाला पदर लावून दार ओढून घेतात. पण दादाचा चेहरा बघून त्या तिथेच थांबल्या, आणि मग काही न बोलता मागे सरल्या.

पहिले दोन मोडले. तिसऱ्यापासून चांगले झाले, सोनेरी, कडेला कुरकुरीत. दादानं ते एका ताटलीत ठेवले, वर लिंबाची फोड ठेवली आणि ताटली वहिनींच्या जागी टेबलावर मांडली. आम्ही तिघं जेवायला बसलो. दादानं स्वतःसाठी सकाळची गवार आणि पोळी घेतली. मामा मोडलेल्यातला एक तुकडा बोटांनी चाचपून खात होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं, ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. दादा त्या ताटलीकडे बघत होता. एकदाच म्हणाला, "एकदा तरी बोलायचं ना गं…"

मामांना पोचवून मी परत आलो तेव्हा चार वाजून गेले असतील. ऊन ओट्यावर आलं होतं. टेबल पुसून झालं होतं, तवा घासून पालथा घातलेला होता. खोल्यांत, पडद्यांत, सगळीकडे तळणीचा वास भरून राहिला होता. मी खिडकी उघडायला गेलो. दादा वहिनींच्या खुर्चीशेजारी बसला होता, डोळे मिटून. खिडकीच्या कडीचा आवाज ऐकून म्हणाला, "नको उघडूस."

मी कडी सोडली.

"राहू दे तो वास थोडा वेळ," तो म्हणाला. "तिनं कधी घेतलाच नाही."